थंडीत शेततळ्यातील मासे खाद्य का सोडतात?

प्रश्न (निफाडचा शेतकरी):
आमच्याकडे डिसेंबरअखेर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात सुमारे दहा फूट पाणी असून त्यात रोहू, कटला व मृगळ आहेत. थंडी पडल्यापासून मासे वर येत नाहीत, सकाळी टाकलेले तरंगते खाद्य संध्याकाळपर्यंत तसेच राहते आणि आता काही रोहूंच्या अंगावर लाल व्रण दिसत आहेत. खाद्य बंद करावे काय? थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, तेव्हा एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) बंद ठेवला तर चालेल काय?

उत्तर १ (मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी):
माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलत असल्यामुळे पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते. म्हणजे खाद्य सोडणे हा रोग नसून गरजच कमी झालेली असते. रोहू-कटल्यासारख्या आपल्या कार्प माशांची वाढ साधारण 25 ते 32 अंशांत उत्तम होते, 20 च्या खाली भूक झपाट्याने घटते आणि 15 च्या आसपास ती जवळपास थांबते. हवेचे पाच अंश पाहून घाबरू नका, कारण पाणी हवेपेक्षा फार सावकाश थंड होते. थर्मामीटर दोरीला बांधून पहाटे तळाजवळचे तापमान मोजा व त्यावरून खाद्य ठरवा. द्यायचेच असेल तर ऊन तापल्यावर, अकरा ते दोनच्या दरम्यान, थोडेच द्या.

उत्तर २ (मत्स्यपालक, भंडारा):
व्रणांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. थंडीत माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि अफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवामुळे होणारा व्रणरोग नेमका याच दिवसांत बळावतो. भारतात तो 1988 मध्ये ईशान्येकडून शिरला. मासे न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून व्रण असलेले एक-दोन मासे तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना दाखवा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने यावर सिफॅक्स हे औषध तयार केले असून त्याची मात्रा हेक्टर-मीटरला (म्हणजे 10,000 घनमीटर पाण्याला) एक लिटर आहे. चुनाही उपयोगी पडतो, परंतु आधी पाण्याचा सामू (pH) व क्षारता (आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) तपासल्याशिवाय तो टाकू नये. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: वजन पाहण्याच्या हौसेने थंडीत जाळे ओढू नका, कारण खवले निघालेल्या जागीच संसर्ग होतो.

उत्तर ३ (शेतीपंपांचा जाणकार):
एअरेटरबद्दल तुमचा समज अर्धाच बरोबर आहे. पूर्ण संपृक्त (म्हणजे मावेल तेवढा प्राणवायू विरघळलेल्या) पाण्यात 30 अंशांना लिटरमागे सुमारे 7.5 मिलिग्रॅम आणि 15 अंशांना सुमारे 10 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, हे खरे. परंतु पाणी संपृक्त असेलच असे नाही. दिवस लहान, ऊन तिरपे आणि वर धुके असेल तर शेवाळ कमी प्राणवायू बनवते, आणि तळाशी कुजत असलेले उरलेले खाद्य तो खाऊन टाकते. म्हणून पहाटे दोन-तीन तास एअरेटर चालवावा. जवळ विहीर असल्यास तिचे पाणी पहाटे सोडावे. हिवाळ्यात ते तळ्यातील पाण्यापेक्षा बरेच कोमट असते. मात्र त्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा पाइप पाण्यात बुडवू नये, उंचावरून फवाऱ्यासारखे पडू द्यावे.

उत्तर ४ (कॅनडास्थित मराठी):
आमच्याकडे तळी वरून गोठतात तरी तळाशी मासे जगतात, कारण पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते आणि ते खाली बसते. तिथे मासे मरतात ते बहुधा गारठ्याने नव्हे, तर बर्फावर हिम साचून प्रकाश अडल्यामुळे आणि प्राणवायू संपल्यामुळे. तुमचे पाणी कधीच गोठणार नाही, परंतु आमचे मासे थंड पाण्यातलेच आहेत. रोहू-कटल्यांकडून ती अपेक्षा करू नका.

निफाडचा शेतकरी:
आभारी आहे. पहाटे मोजले तर तळाशी 17 अंश निघाले; खाद्य दुपारी अगदी थोडे देतो आणि मासा घेऊन तालुक्याला जातो. खाद्य पुन्हा पूर्ववत कधी करावे?

उत्तर १ चे लेखक:
पहाटेचे तापमान सलग आठवडाभर 20 च्या वर राहिले, की हळूहळू वाढवा. व्रण भरेपर्यंत मात्र वाढवू नका.