मदत हवी आहे: बाटलीतलं फुफ्फुस फुगंना, शनिवारी पालकसभा

औश्याची_ताई: आमच्या अंगणवाडीत शनिवारी पालकसभा आहे, 'माझं शरीर' विषय घेतलाय. बाटली-फुग्याचं फुफ्फुस केलं पण फुगंनाच गेलंय. दोन दिवस झाले. व्हिडिओत एका झटक्यात फुगतं. काय चुकलं, लवकर सांगा.

परभणीकर७: कोणती बाटली? बूड कापलं का? लेकरं किती वर्षांची?

निवृत्त_मास्तर: एवढ्याशा लेकरांना फुफ्फुस कशाला? ताराबाई मोडक नि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते आजूबाजूला मिळेल त्याच साहित्यावर. सध्या रानात ज्वारीची धाटं पडलीत. सोलून, भेंड काढून हातापायाची हाडं करा. फुकटात सांगाडा.

औश्याची_ताई: मास्तर, धाटाच्या बैलगाड्या करून झाल्यात. मला फुफ्फुसच पाहिजे, सुपरवायझर मॅडम यायलेत.

परभणीकर७: ताई, बाटली कोणती ते सांगा की.

औश्याची_ताई: पाण्याची, दुसरी कोणती असती? अंगणवाडी म्हणल्यावर तीन ते सहाचीच लेकरं, 22 आहेत. बूड कापलंय, तिथं अर्धा फुगा ताणून रबर लावलंय. तोंडातून दुसरा फुगा आत सोडलाय. खालचा ओढला की बाटलीच चिमटती.

किनवटचा_सायन्सवाला: तिथंच घोळ आहे. खालचा फुगा ओढला की बाटलीतली जागा वाढते, दाब कमी होतो, मग बाहेरची हवा तोंडातून आतल्या फुग्यात शिरते. आपल्या छातीखालचा पडदा हेच करतो. बाटलीच चिमटली तर जागा वाढणार कुठून? थंड्याची जाड बाटली घ्या, रबरावरून चिकटपट्टीचे दोन वेढे मारा. आणि टोपण काढलंय ना?

औश्याची_ताई: टोपण लावलेलंच होतं.

किनवटचा_सायन्सवाला: ताई!! नाक दाबून श्वास घ्यायला लावायलात की हो.

दोन_लेकरांची_माय: फुगे लेकरांच्या हातात देऊ नका. तुकडा गिळला तर श्वासनळीत बसतो. डाळी-हरभरे चिकटवायचे प्रकारही नकोत. आमच्या भाच्यानं हरभरा नाकात घातला, लातूरला नेऊन काढावा लागला.

निवृत्त_मास्तर: म्हणूनच म्हणलं, धाट बरं.

दोन_लेकरांची_माय: धाटाची साल किती कापती माहीत आहे का मास्तर?

बीडची_सून: मी आतडं केलं होतं. एका लेकराला फरशीवर निजवून खडूनं भोवती रेघ मारली. तोंडापासून पोटापर्यंत आजीचं नऊवारी घड्या घालून ठेवलं आणि एकेकानं ओढत न्यायचं. दारापर्यंत गेलं तरी संपंना. मोठ्या माणसाचं लहान-मोठं आतडं मिळून साडेसात मीटरच्या आसपास, लुगडं आठ मीटर. लेकरं हसून लोळली.

किनवटचा_सायन्सवाला: पण चार वर्षांच्या लेकराचं आतडं एवढं लांब नसतं.

बीडची_सून: मग मास्तरांना निजवते फरशीवर.

शेतकरी_पुत्र: लेकरू माती खात असेल तर जंताची गोळी द्यावी, डॉक्टरला विचारून.

परभणीकर७: दादा, माती कोण खायलंय इथं?

औश्याची_ताई: गावात जाड बाटली फिनेलचीच भेटली. धुऊन घेऊ का?

दोन_लेकरांची_माय: नको!!! लेकरं तोंड लावतील.

परभणीकर७: अजिबात नको.

निवृत्त_मास्तर: लग्नसराई आहे, मांडवामागं बघा. थंड्याच्या बाटल्यांचा ढीग असतो.

औश्याची_ताई: सात आणल्या. फुगलं!! एक लेकरू म्हणलं, माझ्यात पण बाटली आहे का. आता आतडं पण घ्यावं म्हणते, पण सासूबाई लुगडं देईनात.