कोरड्या तोंडासाठी शुगर-फ्री च्युइंग गम, पण पोट बिघडतंय. मदत हवी आहे

आई, वय 64. नसांच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन चालू आहे, तेव्हापासून तोंडाला सतत कोरड. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते. डोस डॉक्टरांनी आधीच 25 वरून 10 मिग्रॅवर आणलाय, गोळी बंद करता येणार नाही. रक्तातली साखर नॉर्मल आहे. कवळी नाही, खाली उजवीकडे एक कॅप आहे.

बडीशेप, घोट घोट पाणी, सगळं करून झालं. लिंबाच्या आंबट गोळ्या दंतवैद्यांनी बंद केल्या. लाळ कमी असताना आम्लाने दात लवकर झिजतात म्हणे. त्यांनीच जेवणानंतर 20 मिनिटं शुगर-फ्री गम चघळायला सांगितलं. चघळलं की लाळ सुटते आणि तोंडातलं आम्ल कमी होतं. फरक खरंच पडला, आई फोनवर पुन्हा तासभर बोलायला लागली!

पण दिवसाला सहा-सात गम झाले की पोटात गुडगुड आणि जुलाब. पाकिटावर घटकांत सॉर्बिटॉल पहिलं, झायलिटॉल पार शेवटी (दोन्ही साखरेऐवजी गोडीसाठी घालतात). जास्त झालं तर दोन्हींनी पोट बिघडतं, एवढं कळलंय. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल कपाटात ठेवा, त्यांना ते विषारी असतं.)

मुख्यतः झायलिटॉल असलेला गम कुणाच्या पोटाला सोसलाय का, आणि दिवसाला किती? आणि गम तीनवर आणून मधल्या वेळेत कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल वापरलेलं कुणी आहे का, त्याचा परिणाम किती वेळ टिकतो?