पुण्यातील ‘झपाटलेल्या’ वास्तू पायी पाहायच्या असल्यास क्रम कसा ठेवावा?

वर्धेची वाटसरू

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत शिकणाऱ्या भाच्याला घेऊन मी तीन दिवसांसाठी पुण्याला येणार आहे. त्याला भुताखेतांच्या गोष्टींचे वेड आहे, आणि शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते हे त्याने कोठेतरी पाहिल्यापासून त्याला दुसरे काही सुचत नाही. मला स्वतःला भुतांपेक्षा जुन्या पेठा पायी फिरून पाहण्यात अधिक रस आहे; तरी त्याचेही मन राखले जावे असे वाटते. वाहन न घेता एका दिवसात अशा कोणत्या वास्तू पाहता येतील, त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत तथ्य किती, आणि रात्री जाण्यात काही अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कसब्यातला रहिवासी

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शनिवारवाडा संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे रात्री आत उभे राहून हाक ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. आणि बाहेरच्या पटांगणात रात्री उशिरापर्यंत इतकी वर्दळ असते की एखाद्या भुताने खरोखरच हाक मारली तरी ती रिक्षांच्या आवाजात विरून जाईल. माझे सारे आयुष्य या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर गेले आहे. लहानपणी, थंडीच्या दिवसांत, मध्यरात्रीनंतर एक लांबलचक, कोरडी किंचाळी आम्हा भावंडांना अनेकदा ऐकू येत असे आणि आम्ही गोधडी डोक्यावरून ओढून घेत असू. शेवटी एका रात्री आजोबा मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेले आणि त्यांनी शेजारच्या पडक्या माळवदावर विजेरीचा झोत टाकला. तेथे बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड बसलेले होते. त्याने आमच्याकडे मान वळवून पाहिले आणि पुन्हा तोच आवाज काढला. ज्यांना हा पक्षी ठाऊक नाही त्यांनी तो आवाज माणसाचा समजावा यात नवल नाही.

आता क्रमाविषयी. सकाळी दिल्ली दरवाजातून आत जावे. जाताना दरवाजाच्या फळ्यांवरील अणकुचीदार खिळे भाच्याला अवश्य दाखवावेत. हत्तीने मस्तकाची धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले आहेत. आतून तटावर चढून फेरी मारावी. तेथून बाजीराव रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेल्यास विश्रामबागवाडा लागतो, आणि पुढे सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर. देवाला ‘खुन्या’ हे नाव का पडले, हे विचारल्याशिवाय तुमचा भाचा राहणार नाही. १७९७ साली मूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी सावकार गद्रे यांचे अरब पहारेकरी आणि पेशव्यांच्या चाकरीतील पलटण यांच्यात मंदिराशीच चकमक होऊन माणसे पडली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. इतका रक्तपात होऊनही तेथे भूत असल्याचे मी कधी ऐकलेले नाही. दर्शनाला येणारे लोक हे नाव इतक्या सहजपणे उच्चारतात की त्यातला खून कोणाच्या लक्षातही येत नाही.

मोडीवाचक

वरील माहितीत थोडी भर घालतो, कारण ‘पौर्णिमेची रात्र’ हा तपशील वरच्यावर वाचायला मिळतो आणि तो खटकतो.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. वेळ दुपारची होती. पुण्यात गणपती बसलेले होते, वाड्यात नित्याचा राबता होता, पेशवे भोजनोत्तर विश्रांती घेत होते. थकलेल्या पगाराचा तगादा लावण्याचे निमित्त करून सुमेरसिंग आणि त्याचे गारदी आत घुसले; नारायणराव धावत जाऊन चुलत्याला, रघुनाथरावांना, बिलगले आणि तेथेच मारले गेले. त्यांना वाचवण्यासाठी अंगावर पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्याबरोबर कापला गेला. नारायणरावांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून प्रत्यक्ष रघुनाथरावांना दोषी ठरवले, हा मात्र इतिहास आहे. तात्पर्य, अंधार, पौर्णिमा, सामसूम यांपैकी काहीही त्या घटनेत नव्हते. भरदुपारी, सणाच्या दिवसांत, माणसांनी भरलेल्या वाड्यात ते घडले, आणि माझ्या मते त्यातील भीषणता नेमकी हीच आहे. भूतकथेने ती घटना रात्रीत नेऊन उलट सौम्य केली.

दुसरी गोष्ट अशी की, ज्या दालनांत हे घडले ती आज अस्तित्वातच नाहीत. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली जानेवारीतील एका शनिवारी पायाभरणी केलेल्या या वाड्याचे वरचे मजले लाकडी होते, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत ते नष्ट झाले. ती आग आठवडाभर धुमसत होती. आज आत गेल्यावर जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ दिसते. मूळ लाकूडकाम पाहायचे असेल तर दिल्ली दरवाजावरील नगारखान्यात जावे.

याच वाड्यात आणखी एक पेशवा गेला, पण त्याचे भूत कोणी पाहिलेले नाही. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेले त्यांचे चिरंजीव सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ रोजी वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वारले. त्यांनी जीव दिला की तापाच्या भरात तोल गेला, यावर अजूनही वाद आहे. बापलेक दोघेही एकाच वास्तूत अकाली गेले. तरी लोकांनी भूत केले ते बापाचेच, कारण त्याच्या तोंडी एक वाक्य होते. मुलाच्या तोंडी लोकस्मृतीने काहीच ठेवले नाही.

सदाशिवपेठी भाडेकरीण

वास्तूंविषयी वरच्या दोघांनी उत्तम लिहिले आहे. मी केवळ एक विनंती करणार आहे. पैसे घेऊन रात्री ‘झपाटलेले पुणे’ दाखवणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, आणि गेलात तरी राहत्या वाड्यात शिरू नका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वाड्याच्या चौकात रात्री साडेदहाला वीसेक तरुण-तरुणी दिवे लावलेले मोबाइल घेऊन शिरले आणि त्यांच्या म्होरक्याने, येथील आडात एका सासुरवाशिणीने उडी घेतली होती व अमावास्येला तिच्या बांगड्या वाजतात, असे खर्जातल्या आवाजात सांगायला सुरुवात केली. माझ्या सासूबाई ओट्यावर दुसऱ्या दिवसासाठी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आड बुजवून चाळीस वर्षे झाली. त्याआधी सोळा वर्षे त्याचे पाणी मी शेंदले आहे. उडी कोणी मारली असती तर मला कळले असते. बांगड्या वाजतात त्या माझ्या, भांडी घासताना.” काही मुले हसली, काहींनी क्षमा मागितली, म्होरक्या मात्र पुढच्या वाड्याकडे निघून गेला. शेजारी दमेकरी आजोबा राहत होते. गलक्याने जागे झाल्यावर त्यांना रात्रभर पुन्हा झोप लागली नाही.

शिवाय धोका आहे तो वेगळाच. पेठांतील कित्येक वाडे मालक-भाडेकरूंच्या वादात वर्षानुवर्षे विनादुरुस्ती उभे आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या भिंती कोसळतात. दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी दिसली की ती भाच्याला कितीही मोहक वाटली तरी मागे फिरावे. जिना लाकडी असेल तर विशेषच, कारण वाळवीने आतून पोकळ झालेली पायरी बाहेरून धडधाकट दिसते.

कसब्यातला रहिवासी

भाडेकरीणताईंशी पूर्ण सहमत आहे. ज्यांना गूढ वातावरण हवेच असेल त्यांनी सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीला जावे. मागच्या वेळी हे सांगायचे राहून गेले. शनिवारवाड्यापासून कसबा गणपतीवरून रमतगमत चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. १७५४ साली काम सुरू झालेले हे काळ्या दगडातील देऊळ गोसाव्यांचे आहे. आतील गणपतीला तीन सोंडा असून तो मोरावर बसलेला आहे, दर्शनी भिंतीवर साखळदंडाने जखडलेला गेंडा कोरलेला आहे, आत संस्कृत आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत, आणि देवळाखालच्या तळघरात गोसावी महंतांची समाधी आहे. पावसाळ्यानंतर तळघरात पाणी साचते. दुपारच्या वेळी गर्दी नसताना सभामंडपात दोन मिनिटे गप्प उभे राहावे. त्या गारव्यापुढे मला तरी रंगवलेल्या कहाण्या फिक्या वाटतात.

वर्धेची वाटसरू

सर्वांची मनापासून आभारी आहे. हा सारा मजकूर भाच्याला वाचून दाखवला. सुरुवातीला तो हिरमुसला, पण ‘भरदुपारी’ हा शब्द ऐकल्यावर सावरून बसला, आणि आता शनिवारवाड्यात सकाळी न जाता बरोबर दुपारी एकला जायचे असा त्याचा हट्ट आहे. त्यामुळे सकाळी कसबा गणपती आणि त्रिशुंड, दुपारी शनिवारवाडा, उन्हे कलल्यावर विश्रामबागवाडा आणि खुन्या मुरलीधर, असा क्रम ठरवला आहे. नारायणरावांचे शव ज्या दाराने बाहेर नेले असे सांगतात, तो नारायण दरवाजा पाहता येतो का, एवढे एक त्याचे विचारणे आहे.

मोडीवाचक

पाहता येतो. त्यालाच जांभूळ दरवाजाही म्हणतात. आत जाण्याची वाट दिल्ली दरवाजातूनच आहे. तेव्हा वाडा पाहून झाल्यावर बाहेर यावे आणि तटाच्या कडेकडेने पूर्ण प्रदक्षिणा घालावी, म्हणजे पाचही दरवाजे ओळीने दिसतील. दुपारी एकला जाणार असाल तर डोक्याला काहीतरी बांधून जा. आत सावली फार थोडी आहे.