शाळेतली तक्रारपेटी रिकामीच राहते. मुलांना न घाबरता सांगता येईल अशी सोय कशी करावी?

डिचोलीची आई (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात आठवीत आहे. यंदा मी पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहे.

बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मागच्या बाकांवर बसणारी तीन-चार मोठी मुलं सहावीतल्या एका मुलाला जूनपासून छळत होती. डबा काढून घ्यायचा, बूट खिडकीतून फेकायचे. एकदा तर त्याची चड्डी ओढून मोबाईलवर चित्रण केलं. अटेंडंट पुढे ड्रायव्हरजवळ बसते. गणेशचवथीची सुट्टी संपल्यावर तो मुलगा शाळेत जायलाच तयार होईना, तेव्हा कुठे त्याच्या आईला कळलं. बसमधल्या सगळ्या पोरांना आधीपासून माहीत होतं. माझ्या मुलीलाही.

मी तिला विचारलं, "अगं, मला तरी सांगायचंस!" ती म्हणाली, "तू शाळेत जाऊन सांगितलं असतंस. आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच बसने जायचं होतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

शाळेत तक्रारपेटी आहे. ती ऑफिसच्या दाराशी टांगलेली, बरोबर वर कॅमेरा. समितीच्या बैठकीत आम्ही ती उघडायला लावली. दोन वर्षांत एकच चिठ्ठी आलेली, वर्गातला पंखा बंद असल्याची. एक पालक म्हणतात, व्हॉट्सअॅप नंबर जाहीर करूया. परदेशात शाळांसाठी निनावी फोनलाइन असते असंही ऐकलंय. कोणाला अनुभव आहे का?

निवृत्त मास्तर, फोंडा

बाय, पेटीचा दोष नाही. मी तीस वर्षं वह्या तपासल्या. वर्गातल्या प्रत्येक पोराचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं, आणि हे पोरांना पक्कं ठाऊक असतं.

एक गोष्ट सांगतो, तिची मला आजही टोचणी आहे. आमच्या शाळेत एकदा एका शिक्षकाच्या मारहाणीबद्दल चिठ्ठी आली. ती प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचली गेली आणि "कोणी लिहिलं, पुढे या" असं फर्मान निघालं. कोणी पुढे आलं नाही. मीही गप्प उभा राहिलो. त्यानंतर त्या पेटीत कधी कागद पडला नाही.

म्हणून छापील चिठ्ठ्या ठेवा, खूण करण्यापुरत्या: कुठे घडलं, काय घडलं, अजून चालू आहे का. पेटी वाचनालयाच्या कोपऱ्यात ठेवा, जिथे पोरगं उभं राहिलं तरी कोणी विचारत नाही. आणि ती उघडताना दोघं हवीत, त्यातला एक शाळेच्या नोकरीत नसलेला.

म्हापशाचा, सध्या डेन्व्हर

ताई, तुम्ही जी फोनलाइन ऐकलीत तसली आमच्या कोलोरॅडोत आहे, 'सेफ टू टेल'. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळेत शिकली. १९९९ साली इथल्या कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, त्यातून ही कल्पना आली. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००२ साली शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास मांडला, त्यात ८१ टक्के प्रकरणांत निदान एका माणसाला तरी आधी कुणकुण होती, आणि तो बहुतेक वेळा मित्र किंवा वर्गमित्र होता. तुमच्या बालरथासारखंच. पोरांना माहीत, मोठ्यांना नाही.

फोन, वेबसाइट किंवा अॅप, कशावरूनही कळवता येतं, दिवसरात्र. निरोप शाळेतला कोणी घेत नाही. राज्य पातळीवरची माणसं घेतात आणि मग स्थानिक शाळेला व पोलिसांना देतात. कळवणाऱ्याची ओळख उघड होऊ नये याला तिथे कायद्याचंच संरक्षण आहे. अॅपवर नाव न कळता उलट प्रश्नही विचारता येतो, हे फार उपयोगी. आणि पुढे काय केलं ते शाळेने त्या माणसांना परत कळवावं लागतं.

सुरू झाली बंदुकीच्या भीतीने, पण वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त निरोप येतात ते कोणीतरी आत्महत्येचं बोलतोय याचे. मित्राची काळजी वाटणारी मुलं कळवतात. माझ्या मुलीने एकदा असं कळवलं होतं. ती मैत्रीण आता कॉलेजात आहे.

समुपदेशक, मडगाव

व्हॉट्सअॅप नंबर नको. त्यात मुलाचा नंबर दिसतो, फोटो दिसतो. शिवाय रात्री अकराला एखाद्याने "मला जगायचं नाही" असं लिहिलं आणि तुमच्यापैकी कोणी ते सकाळी सातला वाचलं, तर? चोवीस तास माणूस बसवता येत नसेल तर चोवीस तासांचा नंबर देऊ नका. जे आहेत तेच प्रत्येक चिठ्ठीवर छापा: मुलांसाठी १०९८ (१९९६ साली मुंबईत सुरू झालेली, आता ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलेली) आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६.

दुसरं, मुलांना "कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक छळाची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, आणि मुलाने दिलेली माहिती खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही. हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगा: "मदतीसाठी लागेल त्यालाच सांगू, आणि आधी तुला सांगू."

आणि ताई, चड्डी ओढून चित्रण करणं ही मस्ती समजून सोडू नका. पॉक्सोखाली येऊ शकेल असा प्रकार आहे हा. चित्रण पुढे पाठवलं गेलंय का ते पाहा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते.

डिचोलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रणाबद्दल त्या मुलाच्या आईशी काल बोलले, ती पोलिसांकडे जायला तयार झाली आहे आणि मी तिच्यासोबत जाणार आहे. मोठ्या मुलांपैकी एकाचे वडील समितीवरच आहेत, तेव्हा पेटी उघडणाऱ्यांत पालक घ्यायचा नाही असं मी सुचवलं. त्याऐवजी आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई आणि एक शिक्षिका. अटेंडंट यापुढे मागच्या बाकावर बसेल, हे ठरलं.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे छापील चिठ्ठीचा नमुना केला आणि मुलीला दाखवला. तिने पेन घेतलं आणि 'इयत्ता' ही ओळ खोडली. म्हणाली, "आमच्या बसमध्ये सहावीचे चारच जण आहेत."