फाइल सापडत नाही, तेव्हा दोष शोधणाऱ्याचा की शोधयंत्रणेचा? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

निळी शाई

मी एका बांधकाम उपविभागात वीस वर्षं काम करतो आहे. गेल्या महिन्यात माहिती अधिकाराखाली एक अर्ज आला. 2016 साली बांधलेल्या एका मोरीची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठीच्या छोट्या पुलाची, मोजमापं आणि अंतिम देयकाची प्रत हवी होती. कायद्याप्रमाणे हातात 30 दिवस. जुने कागद तीन वर्षांपूर्वीच स्कॅन होऊन सर्व्हरवर चढले आहेत, त्यामुळे काम तासाभराचं असायला हवं होतं.

आमच्याकडची कनिष्ठ सहायक मुलगी मन लावून काम करणारी आहे. तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं, 'मोरी बांधकाम अहवाल'. चौदाशेच्या वर फायली समोर आल्या. दोन दिवस ती एकेक उघडून बघत होती आणि कुणाला विचारायला संकोचत होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. अर्जात गावाचं नाव होतं, ते टाकलं. पुढे लिहिलं 'सीडी वर्क' आणि 'एमबी', कारण आमच्याकडे मोरीला आणि मोजमाप पुस्तिकेला सगळे हेच म्हणतात. अकरा फायली आल्या. सातवी आमची होती.

आता वरून नवी शोधप्रणाली विकत घ्यायचं चाललं आहे. माझं म्हणणं, त्याआधी प्रत्येकाला अर्धा दिवस बसवून शोधायला शिकवा. बांधकाम खात्यात 'बांधकाम' हा शब्द टाकून काय हाती लागणार? कोणता शब्द घ्यायचा, अवतरणचिन्हं कधी लावायची, वर्षाची गाळणी कुठे असते, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. ते न सांगता नवी प्रणाली आणली, तर तीही 'अहवाल' शब्दाला चौदाशेच फायली देईल.

अनुस्वार

दादा, अजिबात पटलं नाही. मी शोधयंत्रणा बांधायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला 'सीडी वर्क' सुचलं कारण तुम्ही तिथे वीस वर्षं आहात. तिला ते कसं सुचणार? तिने शुद्ध मराठीत, अर्जातलाच शब्द लिहिला. मोरी, कल्व्हर्ट, सीडी वर्क हे एकच आहे, तांत्रिक मान्यता आणि टीएस एकच आहे, कार्यारंभ आदेश आणि वर्क ऑर्डर एकच आहे, हे यंत्रणेला ठाऊक असायला हवं. अशी समानार्थी शब्दांची यादी करून देणं हे आठवड्याभराचं काम आहे. ते कुणी केलं नाही, आणि दोन दिवस त्या मुलीचे गेले.

दुसरं, मराठीची म्हणून खास दुखणी आहेत. आपण 'रस्ता' शोधतो आणि कागदात असतं 'रस्त्याच्या', 'रस्त्यालगत'. इंग्रजीत शेवटचा एखादा एस छाटला की बरंच भागतं. आपल्याकडे सामान्यरूप होताना शब्दाचं अंगच बदलतं. इलॅस्टिकसर्च हे बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं शोधइंजिन. त्यात हिंदी आणि बंगालीसाठी शब्दरूपं ओळखणारी तयार सोय येते, मराठीसाठी येत नाही. ती आपल्यालाच बसवावी लागते आणि ठेकेदार ती बसवत नाहीत, कारण निविदेत तसं लिहिलेलंच नसतं.

आता हे बघा. 'दुसऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण साठवणीत वेगळे. एका कळफलकावर लिहिलेला 'दुसऱ्या हप्त्याचे देयक' दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर शून्य निकाल येऊ शकतो. 'ॲ' आणि 'अॅ' यांचीही तीच गत. 12/04/2016 आणि १२/०४/२०१६ यांचीही. यात वापरणाऱ्याने काय शिकायचं?

कपाटाची किल्ली

मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. तुम्ही दोघंही चौकटीत काय लिहायचं यावरच भांडताय. कागद आत जाताना काय झालं ते कुणी बघितलं का?

आमच्या वेळी स्कॅनिंगला बाहेरची मुलं आली होती. रोज इतकी पानं, असा त्यांचा हिशेब. फाइलचं नाव काय, तर स्कॅन_0047. तसल्या हजारो. मी साहेबांना दोनदा लेखी कळवलं की निदान गाव, वर्ष आणि आवक क्रमांक तरी नावात घाला. कुणी मनावर घेतलं नाही. आवक नोंदवहीत हे सगळं होतं हो. क्रमांक, दिनांक, कुणाकडून, विषय, कोणत्या संकलनाकडे, म्हणजे कोणत्या टेबलाकडे. नोंदवही उघडली की दहा मिनिटांत नस्तीचा, म्हणजे फाइलीचा, माग लागायचा. तो धागाच स्कॅनिंगमध्ये तुटला.

आणि हा काही माझा हेका नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चा, त्याचं कलम 4(1)(क) वाचा. अभिलेखांची सूची आणि निर्देशांक नीट ठेवणं हे कार्यालयाचं कर्तव्य म्हणून तिथे लिहिलं आहे. अर्ज आल्यावर शोधाशोध करायची वेळच येऊ नये, असा त्याचा अर्थ.

अनुस्वार

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्याला एक पुरवणी जोडतो. नाव 'स्कॅन_0047' आणि आत नुसतं चित्र असेल, तर यंत्रणेला त्या फाइलीतलं एक अक्षरही वाचता येत नाही. चित्रातून मजकूर काढून तो फाइलीत भरावा लागतो. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं. छापील कागदावर बरं चालतं, हाताने लिहिलेल्या टिपणीवर मात्र भरवसा ठेवू नका. जुन्या खासगी फाँटमध्ये टंकलेल्या फायली ही आणखी एक भानगड. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय मराठी शब्द टाकून त्या सापडणारच नाहीत.

तालीमखाना

मी ग्रंथपाल आहे. अनुस्वार यांचं बहुतेक मान्य, पण 'वापरणाऱ्याने काय शिकायचं' हा प्रश्न मान्य नाही. शिकण्यासारखं आहे.

1972 साली कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं की जो शब्द थोड्याच कागदांत येतो, त्याला शोधात जास्त वजन द्यावं. आजही बहुतेक शोधयंत्रणा हे तत्त्व कुठे ना कुठे वापरतात. हेच माणसालाही शिकवता येतं. 'अहवाल' प्रत्येक फाइलीत आहे, गावाचं नाव वीस फायलींत, ठेकेदाराचं आडनाव पाच. मी वाचकाला पहिला प्रश्न हाच विचारते, या कागदात असा कोणता शब्द असेल जो इतरांत नसेल? हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की माणूस कुठल्याही प्रणालीत निभावून नेतो.

शासन निर्णयाचंच घ्या. त्याच्या शेवटी लांबलचक संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हे माहीत असणारा तो आकडा टाकून थेट पोचतो. बाकीचे विषयाचा अंदाज बांधत बसतात.

हिंजवडी फेज थ्री

खासगीतही हेच. आमच्याकडे एकाच प्रस्तावाच्या 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल 2' अशा तीन प्रती आहेत. शोध तिन्ही दाखवतो. खरी कोणती? शेवटी ग्रुपवर 'कुणाकडे आहे का' असं विचारलं जातं. तालीमखाना, नेमका शब्द माहीत असूनही इथे उपयोग होत नाही. इंटरनेटवर इतरांनी दिलेल्या दुव्यांवरून कोणतं पान महत्त्वाचं याचा अंदाज येतो. कंपनीतल्या फायलींना दुवे कोण देणार? म्हणून बाहेर झटकन सापडतं आणि आत नाही. मी यंत्रणेच्या बाजूचा.

निळी शाई

सगळं वाचलं. अनुस्वार, 'सीडी वर्क' मला का सुचलं हा तुमचा मुद्दा लागला. मी तिला कौशल्य दाखवतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी वीस वर्षांची सवय वापरत होतो. ती अर्ध्या दिवसात शिकवता येणार नाही, हे कबूल.

पण प्रशिक्षणाचा मुद्दा सोडत नाही. तुमची यादी, ऱ चा घोळ, मजकूर काढणं, हे सगळं निविदेत यायला वर्ष जाईल. तोवर अर्ज थांबणार नाहीत. गाव आणि वर्ष आधी टाका, एवढं जरी सगळ्यांनी उद्यापासून केलं तरी दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर येईल. कपाटाची किल्ली ताईंचं ऐकून आवक नोंदवही मात्र आजच कपाटातून काढली. 2014 ते 2018 चे पाच खंड आहेत.

अनुस्वार

मग दादा, एक करा. त्या मुलीने चौकटीत काय काय लिहिलं आणि शून्य निकाल कशाला आला, ते महिनाभर एका वहीत उतरवून ठेवायला सांगा. समानार्थी शब्दांची यादी मला त्यातूनच करता येईल. मी फुकट करून देतो.

कपाटाची किल्ली

वहीत दिनांकाचा रकाना ठेवा.