मदत हवी आहे : करिअर मार्गदर्शनाची फी मागायची कशी?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. बारा वर्षं शाळेत शिकवलं, आणि गेल्या वर्षीपासून घराच्या पुढच्या खोलीत स्वतंत्रपणे करिअर मार्गदर्शन करते. उद्यम नोंदणी झाली, व्यवसाय कराचे वर्षाचे 2500 भरते, उलाढाल 20 लाखांच्या जवळपासही नाही, त्यामुळे जीएसटीची कटकट नाही. कागदोपत्री सगळं ठीक आहे हो, अडलंय ते पैसे मागण्यात.

दहावीचा निकाल लागला की फोन थांबत नाही. "मॅडम, एकच विचारायचं होतं," अशी सुरुवात होते. मग अकरावीच्या ऑनलाइन अर्जातले दहाही पसंतीक्रम माझ्याकडून ठरवून घेतले, की पाऊण तासाने फोन ठेवतात. फीचं नाव काढलं तर, "अहो, तुम्ही तर घरच्याच की!" कल चाचणीचे पैसे मात्र कुरकुर न करता देतात, कारण छापील अहवाल हातात पडतो. बोलण्याला काय मोल?

त्यात एका क्लासवाल्यांनी प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देऊ केलंय. मनाला पटत नाही. पण दिवाळीनंतर मार्चपर्यंत खोली रिकामीच असते, तेव्हा मोह होतो, खोटं कशाला बोलू?

तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल तर सांगा: पहिली भेट फुकट ठेवता का? फी आगाऊ यूपीआयवर घेता, की भेटीनंतर? आणि रिकाम्या महिन्यांत आठवी-नववीसाठी शाळांमध्ये सत्रं घ्यायची तर मुख्याध्यापकांकडे मानधनाचा विषय कसा काढायचा?