विणकरांच्या घरांना वरच्या मजल्यावरच एवढ्या खिडक्या का?

प्रश्न :
इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशरमधील हेप्टनस्टॉल, गोलकार या गावांतील जुन्या दगडी घरांना खाली बेताच्या खिडक्या असतात, पण वरच्या मजल्यावर दगडी पट्ट्यांनी विभागलेल्या खिडक्यांची सलग ओळच असते. ही रचना हातमागासाठी होती, हे ठाऊक आहे. मात्र जॉन के याने १७३३ मध्ये उडता धोटा (आडवा धागा मागातून झपाट्याने पलीकडे नेणारे साधन) आणल्यापासून हातमाग मागे पडत गेला, असे मी समजत होतो. मग शतकाच्या अखेरीसही अशी घरे का बांधली जात होती?

प्रतिसाद १ :
आधी खिडक्यांविषयी. तुटलेला धागा शोधून सांधायचा तर भरपूर उजेड हवा, आणि मेणबत्तीचा खर्च विणकराला परवडणारा नव्हता. शेजारच्या लँकशरमध्ये मात्र सुती माग पुष्कळदा तळघरात असत, कारण दमट हवेत सुती धागा कमी तुटतो. लोकरीच्या घरांत मुले लोकर पिंजत, बायका सूत कातत आणि पुरुष विणत. विणलेले कापड कुटण्याच्या पाणचक्कीत जाई. त्याचे तेल काढायला घरोघरचे शिळे मूत्र वापरत (वास कसा असेल, ते विचारू नका). मग आटलेले ओले कापड उघड्यावर लाकडी चौकटींच्या आकड्यांना ताणून वाळवत. तेथून कापड चोरणे जिवावर बेतू शकत होते, कारण साडेतेरा पेन्स वा अधिक किमतीच्या चोरीसाठी शिरच्छेद करण्याची याच भागातील हॅलिफॅक्स गावाची प्रथा १६५० पर्यंत चालू होती.

प्रतिसाद २ :
मूळ प्रश्नातील गृहीतकच मला उलटे वाटते. उडत्या धोट्याने विणकराचे काम हिरावले नाही, उलट त्याचा वेग वाढवला. एका मागाला सूत पुरवायला आधीच अनेक कातणारे हात लागत, त्यात हा तुटवडा आणखी वाढला. पुढे हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची १७६९ ची पाण्यावर चालणारी चौकट आणि क्रॉम्प्टनचे १७७९ चे म्यूल या सूत कातणाऱ्या यंत्रांमुळे सुताचा, विशेषतः सुती धाग्याचा, इतका पूर आला की विणणारेच कमी पडू लागले. म्हणजे संकट आले ते आधी कातणाऱ्या बायकांवर. लोकरीचा व्यापारही वाढतच होता : हॅलिफॅक्समध्ये ठाणांच्या विक्रीसाठी ३१५ खोल्यांचा पीस हॉल उघडला, तो १७७९ मध्येच. कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ मध्ये घेतले खरे, पण सुती कापडातही तो माग १८२० च्या दशकापर्यंत नीट रुळला नाही, आणि लोकरीचे भुसभुशीत सूत त्यावर तुटत असल्यामुळे तेथे हातमाग आणखी बराच काळ टिकला.

प्रश्नकर्ता :
आभार. माझा क्रमच चुकला होता. एक शंका उरते : काही घरांच्या वरच्या मजल्यावर, बाहेरून जिना नसताना, थेट हवेत उघडणारे दार दिसते, ते कशासाठी?

प्रतिसाद १ :
मालासाठी. लोकरीची गाठोडी तेथून आत ओढून घेत आणि तयार ठाण तेथूनच खाली सोडत, म्हणजे राहत्या घरातून ओझे न्यावे लागत नसे. पुढे अशी कित्येक दारे दगडांनी बुजवली गेली. भिंतीत दाराच्या आकाराचा वेगळा दगडकाम केलेला चौकोन दिसला, तर ते तेच.